काक्षी की रोहिणी

यवतमाळ
१६ डिसेंबर २०१९

प्रिय गंगी,
सप्रेम नमस्कार.

डोळ्यांनी भाग पाडलं, म्हणून लिहिते आहे. खुशालीची पत्रं मी लिहीत नाही, हे तुला अमरावतीच्या होस्टेलपासून माहीत आहे. फोन केला होता. तुझ्या सुनेने सांगितलं की तुला आता फोनवरचं ऐकू येत नाही. तिच्यामार्फत निरोप द्यावा असं हे काम नाही, म्हणून पत्र.

थोडक्यात सांगते. मधुसूदन गेल्यापासून मी दारव्हा रोडच्या या घरात एकटी राहते. मुलाचं, अभिषेकचं एकच म्हणणं, पुण्याला चल. दोन वर्षांपूर्वी त्याने फारच लावून धरलं, तेव्हा मी त्याला शब्द दिला. म्हटलं, हातपाय चालतात आणि डोळे दिसतात तोवर मी इथून हलणार नाही. यातलं काहीही गेलं तर मी स्वतः फोन करून सांगेन की घर वीक, आणि त्यानंतर एक अक्षर बोलणार नाही. मी दिलेला शब्द फिरवत नाही हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तो गप्प बसला.

आता डोळ्यांचं. होस्टेलच्या गच्चीवरची आपली तारे पाहण्याची खोड तू सोडली असशील, माझी सुटली नाही. बाभुळगावला नायब तहसीलदार होते तेव्हाही क्वार्टरच्या अंगणात जेवणानंतर उभी राहायचे. सगळं आकाश पाहत बसायला मला वेळ नव्हता, मी एकच तारा धरला: मृगातली काक्षी. तिचं तेज एकसारखं राहत नाही, थोडं वर-खाली होतं; म्हणून तिला शेजारच्या ताऱ्यांशी ताडून रोज नोंद करण्यात अर्थ असतो. या दिवाळीपासून ती मला नेहमीसारखी दिसत नाही; इतका फरक मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही. बाकीचे तारे जसेच्या तसे आहेत. बिघडला आहे तो फक्त हा लाल तारा. माझ्या वडिलांना काचबिंदू होता. ते सांगायचे, आधी आईचं कुंकू विटल्यासारखं दिसायला लागलं, मग बाकीचं गेलं.

इथला डोळ्यांचा डॉक्टर अभिषेकच्या वर्गात होता. मी त्याच्या खुर्चीत बसले की संध्याकाळच्या आत पुण्याला फोन जाईल. शेजारणीला विचारावं तर तिला आधी चांदणी आणि विमान यांतला फरक शिकवावा लागेल. म्हणून तुला त्रास देते.

तुमच्या तांड्यावर अजून काळोख असेल. जेवण झालं की बाहेर ये. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण तुला सापडेलच. काक्षी पाहा, मग वर रोहिणी पाहा. दोन्ही लालसर आहेत, म्हणून ताडायला सोप्या. जास्त तेजस्वी कोण, एवढंच मला कळव. टक लावू नकोस. लाल ताऱ्याकडे पाहत राहिलं की तो उगाच मोठा वाटायला लागतो. मला काय दिसतं ते मी लिहीत नाही, कारण लिहिलं की तुलाही तेच दिसेल.

लवकर उत्तर दे. माझा पुढचा निर्णय त्यावर आहे.

तुझी,
शीला


तांडा, मुकुटबनजवळ
२७ डिसेंबर २०१९

शीले,

तुह्यं पत्र पोस्टमननं सुनेच्या, अंजूच्या हातात देलं, आन् अंजूनं ते साऱ्या तांड्याले दाखवलं. "याडीले पत्र आलं!" आमच्यात आईले याडी म्हणतात. माह्या नातवायनं पत्र पहिल्यांदाच पाह्यलं. माह्या नवरा धावजी म्हणे, "कोर्टाचं हाये का?" म्या म्हटलं, त्याच्या वरचं हाये, नायब तहसीलदाराचं.

तुह्यं अक्षर अजून तसंच हाये. रेघ मारल्यासारखं. वाचतानी वाटलं आता तू खाली मार्क देशीन.

कान दोन वर्षांपासून गेले. पहिले डावा, मंग उजवा. घरचे सुरवातीले कानाजोळ येऊन ओरडत होते, आता थकले. लोकायची काही चूक नाई, एकच गोष्ट किती डाव ओरडावं. आवाज बंद केलेल्या टीव्हीपुढं बसल्यासारखं हाये पाह्य. सारे हसून राह्यले की मीपण हसतो, मंग धावजी म्हणते, "तुले काय समजलं, हसून राह्यली ते?" कापूस येचाले जातो तेवढं बरं वाटते. तिथं कोणीच बोलत नाई.

तू एवढ्या वर्षांनं मले काम सांगितलं, म्हणून लय बरं वाटलं. जेवण झाल्यावर अंगणात गेली. तुह्या बाणाले आमी पेरणीची तिफन म्हणतो, ते होस्टेलात तुले सांगितलं होतं, तुले आवडलं नव्हतं.

तुह्या प्रश्नाचं उत्तर: काक्षी. काक्षीच जास्त, रोहिणी तिच्याखाली. गच्चीवर पाहत होतो तशीच. काहीच बदल नाई.

आता बिनघोर झोप. आन् काय निर्णय हाये ते मले सांग.

तुही,
गंगी


यवतमाळ
८ जानेवारी २०२०

प्रिय गंगी,

उत्तर मिळालं. आभारी आहे. प्रश्न मिटला.

मला रोहिणी जास्त दिसते. थोडीथोडकी नाही, स्पष्ट जास्त. काक्षी मला गेले दोन महिने उतरताना दिसते आहे. तू स्वच्छ काळोखातून पाहून लिहितेस की ती होती तशीच आहे; मग उतरलेत ते माझे डोळे. याला दुसरा अर्थ निघत नाही.

त्याच दिवशी अभिषेकला फोन केला.

"घर वीक," म्हटलं.

"आई, काय झालं? पडलीस का?"

"पडले नाही. डोळे चालले. तुला शब्द दिला होता."

"कोणत्या डॉक्टरने सांगितलं?"

"मला कळतं."

त्याने फोन सुनेला दिला. आभा माझी खोली कशी तयार आहे, तिला कसे फिकट निळे पडदे लावलेत, ते सांगत बसली. चांगली मुलगी आहे. मला ऐकवेना एवढंच.

तो त्याच आठवड्यात आला. गिऱ्हाईक लगेच मिळालं. पुंडलिकराव म्हणून बँकेतले गृहस्थ आहेत, मूळचे कळंबचे. इसार झाला. महिनाअखेरीस किंवा फेब्रुवारीत खरेदीखत होईल. पुण्यात मोठ्या डॉक्टरला दाखवू असं अभिषेक म्हणतो. दाखवीन. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, हे मी वडिलांच्या वेळी पाहिलं आहे.

गच्चीचं दार लावून घेतलं आहे. दिसत नाही तर नोंद कशाची करायची? पहिले दोन दिवस जेवण झाल्यावर पाय आपोआप जिन्याकडे वळले. आता साडेआठला दिवा मालवून पडते. झोप लागत नाही, पण ते सांगण्यासारखं नाही.

तू खरं ते लिहिलंस, हे बरं केलंस. दुसरी कोणी असती तर मला बरं वाटेल असं काहीतरी लिहून मोकळी झाली असती.

शीला


तांडा, मुकुटबनजवळ
१९ जानेवारी २०२०

शीले,

तुह्यं पत्र वाचून भाकर गोड लागली नाई. एका ताऱ्यापायी घर इकते का कोणी? तुह्या पत्रात तू असं लिहिलंच नव्हतं. निर्णय म्हणजे मले वाटलं चष्म्याचा नंबर.

पहिले डॉक्टरले दाखव. यवतमाळात नसन दाखवाचं तर वणीले ये, तिथं तुह्या पोराचा वर्गमित्र नसन. माह्या एका डोळ्याचं कॅम्पात ऑपरेशन झालेलं हाये, दुसऱ्यात पांढरं येऊन राह्यलं. माह्या बोलण्यावर कायले एवढं मोठं काम करतं? म्या काही आकाशाची तलाठी नाई.

इसार परत देता येत नाई का? पोराले, प्रेमले विचारलं, तो म्हणते देता येते, पण भांडण होते. भांडण तुले काही नवीन नाई.

नाईतर काही दिवस इकडे ये. तूर निंघाली की कामं सरतात. घरात माणसं लय हायेत, पण तू ओरडून बोलशीन, तुह्या आवाज मले ऐकू येईन असं वाटते. होस्टेलात खालच्या मजल्यावर ऐकू जाये.

घाई करू नको. माह्यं ऐक, एकडाव.

गंगी


यवतमाळ
३ फेब्रुवारी २०२०

गंगी,

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तू खोटं लिहिलंस.

काल संध्याकाळी पुंडलिकराव मोजमाप घ्यायला आले होते. टाकी पाहायची म्हणून गच्चीचं दार उघडायला लावलं. अंधारून आलं होतं. टाकी पाहून झाली तरी ते मान वर करून उभे.

"म्याडम, इथून तो तारा दिसते का?"

"कोणता?"

"पेपरात आलता नं! मृगातला. फुटून राह्यला म्हणते. आमच्या ब्यांकेत दोन दिवस तोच विषय."

"काय झालंय त्याला?"

"अंधुक झाला म्हणते. नेहमीच्या अर्ध्याहून कमी. साऱ्या दुनियेतले लोक त्याच्याकडेच पाहून राह्यले." त्यांनी मोबाइल काढून बातमी वाचून दाखवली. मग म्हणाले, "म्याडम, खाली बसता का? पाणी आणू?"

मी त्यांना काक्षी दाखवली. मृगाचे चार पाय, पोटात बाण. त्या चारांतली ही लाल. त्यांनी विचारलं, मोठी आहे का? मी सांगितलं, सूर्याच्या जागी ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ तिच्या पोटात जातील. हा महाराक्षसी तारा आहे, पण म्हातारा. आतलं इंधन शेवटाला आलं की तारा असा फुगतो. फुगतो म्हणून निवतो आणि निवतो म्हणून लाल दिसतो. त्याची कातडी घट्ट नसते. तो श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतो आणि अंगावरचा पदार्थ धुळीसारखा बाहेर टाकतो. आता जे झालंय ते त्या धुळीने झालंय, की त्याच्या पृष्ठभागावर थंड डाग पडलाय, की तो खरंच फुटायला आलाय, यावर जाणत्यांचंही अजून एकमत नाही. आणि आपल्याला दिसतो तो उजेड तिथून निघून पाचशे वर्षं झाली, की सातशे, यावरही नाही. पुंडलिकराव म्हणाले, "म्हणजे म्याडम, तिथं जे व्हायचं ते होऊन गेलं." मी हो म्हटलं.

घराचंही तसंच. इसार झाला आहे. परत देता येतो, ते प्रेमने मला सांगायला नको. तहसील कचेरीत इसार मोडणारे लोक मी टेबलापलीकडे उभे केले आहेत आणि त्यांना काय काय बोलले आहे. मी त्या बाजूला जाऊन उभी राहणार नाही. पुंडलिकरावांनी त्यांचं जुनं घर मोकळं करायला घेतलं आहे. अभिषेकने सुट्ट्या घेतल्या आहेत.

तू पाहिलंच नाहीस. जेवून अंगणात यायचा कंटाळा केलास आणि मला बिनघोर झोप यावी म्हणून चार ओळी लिहून टाकल्यास. असे पंचनामे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. तलाठी जागेवर जात नाही, घरी चहा पीत बसून लिहितो की पीक उत्तम उभे आहे. मी त्याला नोटीस काढत असे. तुला काय काढू? मी पन्नास वर्षांत तुला एक काम सांगितलं होतं.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

शीला


तांडा, मुकुटबनजवळ
१० फेब्रुवारी २०२०

शीले,

हे एक पाठवतो, मंग नाई पाठवत.

म्या जागेवर गेली होती. एकदा नाई, दोनदा. पहिल्या दिवशी पाह्यलं, मले रोहिणी जास्त वाटली. म्या म्हटलं कॅम्पातल्या डोळ्याचा घोटाळा असन. दुसऱ्या दिवशी हातानं एक डोळा झाकून पाह्यलं, मंग दुसरा झाकून पाह्यलं. धावजी खाटेवरून हातवारे करे, काय पाहून राह्यली, पाणी येते का? दोन्ही डोळ्यायनं रोहिणीच जास्त. काक्षी पार मलूल. आजारी लेकरासारखी.

मंग मले होस्टेलची गच्ची आठवली. आपण नवीन नवीन होतो. तू साऱ्या पोरीयले तारे शिकवत होती. मले विचारलं, "यातली मोठी कोण?" म्या रोहिणीवर बोट ठेवलं. तू म्हणाली, "डोळे आहेत की बटणं?" साऱ्या हसल्या. वर्षभर मले बटण म्हणत होत्या. मेसमधली बाईसुद्धा म्हणे, बटण, ताट आण. तू नव्हती म्हणत, तुले अशा गोष्टीत येळ नव्हता. तू इसरली असशीन.

तांड्यातून कॉलेजात जाणारी म्या पहिली पोरगी. माह्या बानं बैल इकून फी भरली, ते तुले माहीत हाये. दुसऱ्या वर्षी लग्नासाठी परत आणलं तवा मी रडली, पण एका गोष्टीचं बरं वाटलं, की आता बटण म्हणणारं कोणी नाई.

म्हणून लिहितानी हात थांबला. म्या म्हटलं, शीलेनं शिकवलं ते काक्षी जास्त. शीला चुकत नाई. चुकत असन तर म्याच. आता या वयात पुन्हा बटण कायले व्हावं? तू नाराज नको व्हावं, तुले बरं वाटावं, असं काही मनात नव्हतं. म्या परीक्षेतलं उत्तर लिहिलं.

तुले घर इकाचं हाये, हे तवा मले माहीत असतं तर मी दिसलं तेच लिहिलं असतं. आता त्याचा काय उपयोग.

दुसऱ्या पत्राच्या वेळी सांगाले पायजे होतं. कागद घेतला, आन् डॉक्टरले दाखव असंच लिहिलं. तुह्या धाक अजून गेला नाई, शीले. माह्यं वय सत्तरीले आलं.

गंगी


पोस्टकार्डे

१४ फेब्रुवारी. हे पत्र नाई, कार्ड हाये. आज जेवणानंतर पाह्यलं. काक्षी रोहिणीहून लय कमी. मृगाचा तिच्या जोडीचा पाय हाये नं, त्याच्याएवढीच. दोघी सारख्या. टक लावली नाई. गंगी.

२५ फेब्रुवारी. काल-परवा ढग होते. आज उघडलं. जोडीच्या पायाएवढी, कदाचित केसभर जास्त. खात्री नाई, म्हणून खात्री नाई असंच लिहिलं. गंगी.

९ मार्च. आज होळी. तांड्यात लेंगी चालू हाये, मले गाणं ऐकू येत नाई, टाळ्या दिसतात. मधातच उठून घरामागं गेली. काक्षी जोडीच्या पायाहून जास्त, रोहिणीहून कमी. अंजू शोधत आली, तिले वाटलं मी रुसली. गंगी.

२८ मार्च. सारं बंद झालं. पोस्टमन येत नाई. लिहून ठेवतो, निंघन तवा निंघन. काक्षी रोहिणीच्या जवळ आली, अजून कमीच. शुक्र कृत्तिकेच्या झुमक्याजवळ गेला, लय चमकते, त्याच्याकडे पाह्यलं नाई, डोळा बिघडते. गंगी.

११ एप्रिल. रोहिणीएवढी. दोन्हीकडून पाह्यलं, एक डोळा झाकून, मंग दुसरा. तू आता पुण्याले असशीन. तिथला पत्ता माह्याजवळ नाई, म्हणून जुन्या घरावरच टाकतो. गंगी.

२५ एप्रिल. काक्षी रोहिणीहून जास्त. खरंच जास्त हाये, लिहायचं म्हणून लिहिलं नाई. गंगी.

८ मे. मावळतीच्या उजेडात गेली. आज दिसली नाई. दिसली नाई म्हणून काही लिहीत नाई. गंगी.


पुणे
६ जुलै २०२०

प्रिय गंगी,

पुंडलिकरावांनी तुझी कार्डं एका पाकिटात घालून पाठवली. मी निघाल्यावर आलेली आणि टाळेबंदीत अडकलेली, सगळी एकदम. त्यांनी सोबत चिठ्ठी जोडली आहे: "म्याडम, तुमच्या नावानं ताऱ्याचा हिशोब येऊन राह्यला, आम्ही वाचला, माफ करा. आता आम्हीपण पाहतो." त्यांच्या घरचे सगळे जेवण झाल्यावर गच्चीवर जातात असं दिसतं. चांगली गोष्ट आहे.

पहिली दोन यवतमाळातच आली होती, ती मी रागाने न वाचता ठेवली होती; ती धरून कार्डं तारखेने लावली आणि एका बैठकीत वाचली. पंचनामा जागेवर जाऊन झाला होता, हे मी मान्य करते. नोटीस मागे घेते.

बटणं म्हटल्याचं मला आठवत नाही. आठवून पाहिलं, नाही आठवत. पण वाक्य माझंच वाटतं. मी कचेरीतही असंच बोलायचे आणि लोक मला हवं ते उत्तर आणून द्यायचे. तेव्हा मला वाटायचं, माझं काम चोख चालतं.

इकडचं सांगते. फेब्रुवारीत खरेदीखत झालं. मार्चच्या सुरुवातीला इथे आले आणि पुढच्या पंधरवड्यात सगळं बंद झालं. मोठ्या डॉक्टरने त्याआधी तपासलं: मोतीबिंदू, तोही कच्चा; मागचा पडदा आणि नस स्वच्छ. काचबिंदू नाही. बाहेर येऊन अभिषेकला तारा मंदावल्याची हकीगत सांगितली. गाडीत त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आई, हे तुला फेब्रुवारीतच कळलं होतं ना? मग मला सांगायचं. मी पुंडलिकरावांचे पाय धरले असते."

"म्हणूनच सांगितलं नाही," मी म्हटलं.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. घरात मात्र माझ्याशी जरा जपून बोलतो, भांडं तडकलं असावं तसा. दिवसभर तो एका खोलीत कॉम्प्युटरवर बोलत असतो, आभा दुसऱ्या. दारं लावलेली असतात. मी स्वयंपाक करते. जेवताना सगळे माझ्याशी आळीपाळीने बोलतात. त्यांनी तसं ठरवलं असावं.

माझ्या खोलीच्या खिडकीसमोर दुसरी इमारत आहे. तिच्यावर हातभर आकाश दिसतं. मार्चमध्ये महिनाभर मी तिथे उभी राहिले. मृग त्या तुकड्यातून जात नाही. गच्चीला सोसायटीचं कुलूप आहे. सेक्रेटरींना विचारलं, "आजी, आता या दिवसांत कशाला वर?" कारण सांगितलं. ते म्हणाले, "मोबाइलवर सगळे तारे दिसतात." मी परत विचारलं नाही.

काक्षी या महिन्यात पहाटे पूर्वेला परत उगवेल. पावसाळ्यात ढगांतून सापडेल तेव्हा सापडेल. पुन्हा कमी होईल का, कोणी सांगू शकत नाही. कोणीतरी पाहत राहायला हवं आणि जे दिसेल ते लिहायला हवं. मला इथून ते शक्य नाही. ऑक्टोबरमध्ये टाळं उघडलं तर मी तांड्यावर येईन, चार दिवस, तुझ्या कानाशी ओरडायला. पण ती भेट झाली, व्यवस्था नव्हे. व्यवस्था खाली लिहिली आहे. नोकरीत जशी करत होते तशीच केली आहे, दुसरी मला येत नाही. दोन प्रती पाठवते आहे. एकीवर सही करून परत पाठव.

तुझी,
शीला


कार्यभार हस्तांतरण

दिनांक ६ जुलै २०२० पासून खालील कार्यभार श्रीमती शीला, निवृत्त नायब तहसीलदार, सध्या मुक्काम पुणे, यांनी श्रीमती गंगी, राहणार तांडा, मुकुटबनजवळ, यांच्याकडे सोपवला.

काक्षी, मृगातली, नग एक. मागील ऋतूत अतिशय मंदावली होती. घेणारीच्या नोंदींनुसार एप्रिलअखेर पूर्ववत.

ताडून पाहण्यासाठी रोहिणी, आणि मृगाचा जोडीचा पाय. काक्षी रोहिणीहून बरीच वर गेली तर प्रश्वा वापरावी; ती मृगाच्या पूर्वेला, एकटी असते.

जुन्या नोंदवह्या, पत्र्याच्या पेटीत. पार्सल सुरू होताच रवाना करण्यात येतील. त्या वाचण्याआधी स्वतःची त्या दिवसाची नोंद करावी.

विजेरी एक, काचेला लाल कागद लावलेला.

होळीच्या रात्री आणि इतर सणांना नोंद न झाल्यास हरकत नाही.

नोंद घेणारी जे पाहील ते ग्राह्य. देणारीचे मत वेगळे असल्यास ते विचारात घेऊ नये.

शेरा: कार्यभार देतेवेळी तारा आकाशात दिसत नव्हता. देणारीने तो प्रत्यक्ष दाखवून दिलेला नाही. घेणारीने उगवल्यावर स्वतः पाहून ताबा घ्यावा.

देणार: शीला
घेणार: